पतपेढीतल्या जागेबद्दल

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी तिकडच्या पतपेढीतल्या नोकरीच्या जागेचं काढलं आणि मी नुसतं "बघतो" म्हणालो, कारण नेट प्रॅक्टिस चालू होती आणि मागे पोरांचा गलका. म्हणून लिहून कळवतोय. आई, तूच वाचून दाखव. त्यांनी चष्म्याचा नंबर अजून तपासला नसणार.

जागा चांगली आहे, वाद नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, दिवाळीला बोनस. माझं शाळेतलं क्रीडाशिक्षकाचं करारपत्र दर जूनला नव्याने होतं आणि मे महिना ओढाताणीत जातो, हे तुमच्या सुनेने आईच्या कानावर घातलंय, ते मला माहीत आहे. तरी मी येत नाही.

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर जुनी मुंबई आहे. कांगा लीगच्या क्रिकेट सामन्यांत भर पावसात, चिखलाच्या विकेटवर कोणी चार मॅच गाजवल्या की बँका, टाटा, मफतलाल, निर्लॉन त्याला बोलावून घ्यायचे. ऑफिसांच्या टीमची टाइम्स शील्ड खेळायची, दुपारी ऑफिसातून नेटला निघायचं, आणि खेळ संपला तरी खुर्ची कायम. आपल्या मालवणचे आचरेकर सर, सचिनचे गुरू, स्टेट बँकेकडूनच खेळले ना! अख्ख्या आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना, १९६३-६४ च्या मोईनउद्दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध. तो किती जणांना आठवतो? त्यांनी शिवाजी पार्कात काय केलं ते मात्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. माझ्या वेळेपर्यंत ऑफिसांच्या त्या जागा आटत गेल्या. रणजीच्या संभाव्य खेळाडूंतही माझं नाव कधी आलं नाही. म्हणजे खेळ हाताशी ठेवायचा तर शाळा हाच रस्ता होता, आणि मला तो आवडला.

आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि आऊट न होणाऱ्या बॅट्समनला ते द्यायचे, ही गोष्ट सगळे सांगतात. मला सरांची स्कूटर जास्त पटते. एका मैदानावरची मॅच आटोपली की पोराला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर. त्यांनी सचिनला कधी "छान खेळलास" म्हटलं नाही, हे त्याने निवृत्तीच्या भाषणात सांगितलंच. ते मात्र मला जमत नाही. हल्लीची पोरं दोन शब्दांनी फुलतात, मग कंजुशी कशाला?

आणि बाबा, २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नेरूळला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा "अरे, आपला अमोल!" म्हणत फोन तुम्हीच केलात. १९८८ साली आझाद मैदानावर शाळेच्या मॅचमध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालली होती, तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला हाच अमोल मुझुमदार, त्या मुलींचा कोच. रणजी पदार्पणात २६०, पुढे अकरा हजारांवर धावा, तरी भारताची कॅप नाही. त्याच्या कोचिंगने तुमचा घसा दाटून येतो आणि मुलासाठी पतपेढीचं वसुली खातं शोधता, हे काय बरं!

वसुली नाही म्हणायला इथेही आहे. हॅरिस आणि गाइल्स या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या वेळी जन्मदाखले, बोनाफाइड, आधार गोळा करत पालकांच्या मागे फिरतो. एकाचं नाव दाखल्यावर वेगळं, आधारवर वेगळं. शिवाय मी फक्त क्रिकेटचा नाही. खो-खोच्या टीमबरोबर जायचं, २६ जानेवारीचं लेझीम बसवायचं, कोणाचा गुडघा फुटला तर आयोडीनची बाटली घेऊन धावायचं.

आमच्याकडे सहावीतली एक मुलगी विकेटकीपिंग करते. पाय चपळ, पण चेंडू टप्पा पडायच्या आधीच उभी राहायची आणि खालून निघालेले सगळे पायांतून मागे. तिला बॅट्समनच दिला नाही. भिंतीसमोर बसवलं, हातात नुसते आतले ग्लोव्ह्ज, आणि मागून गोल्फचा चेंडू भिंतीवर मारत राहिलो. टप्पा दिसेपर्यंत उठायचं नाही, बोटं जमिनीकडे, चेंडू आला की हात त्याच्याबरोबर मागे. बोटं चेंडूकडे रोखलीस तर काय होतं ते दाखवायला माझी करंगळी आहेच. आई, तू आंबेहळद-तुरटीचा लेप लावून बांधली होतीस तीच. वाकडी बसली, पण शिकवायला सोयीची झाली. आता ती खाली बसून राहते. चेंडू ग्लोव्हजमध्ये बसल्यावर जो मऊ, बिनआवाजाचा ठप्पा येतो, तो तिच्या हातून पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी मी घरी दोनदा जेवलो.

२०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शाळेच्या मॅचमध्ये एकाच डावात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हापासून तसल्याच आकड्यांची स्वप्नं घेऊन बाप लोक येतात. पोरगा थोरच खेळला. पण त्याच्या शाळेने तीन बाद १४६५ केल्या, तेव्हा समोरून बोलिंग टाकणारी पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आली असतील का, हे मला आधी सुचतं. माझ्याकडे येतात ती बहुतेक तसलीच पोरं. त्यांतलं कोणी मुंबईकडून खेळेल असं मी कोणाला सांगत नाही. दहावीपर्यंत खेळत राहावं एवढीच माझी धडपड.

तेव्हा पतपेढीच्या साहेबांना तुम्हीच कळवा, नम्रपणे, आणि जागा अडवून ठेवू नका. वाडीतल्या कोणाला तरी उपयोगी पडेल. डिसेंबरात आमच्या गाइल्सच्या मॅच असतील. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं मी काढतो, दादरला घ्यायला येतो. आई, तुला बसायला खुर्ची मिळेल, प्यूनला सांगून ठेवतो.

बाबा, मी खेळायचो तेव्हा तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत, पण अंपायरला कधी सोडलं नाहीत. इथे तेवढं आवरा. त्याच माणसांबरोबर मला पुढचा अख्खा सीझन काढायचा असतो.

तुमचा,
संजू