मावशींना घास भरवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर बोलायला गेले की माझा गळा दाटतो आणि तुम्ही "राहू द्या हो" म्हणत विषय बदलता. म्हणून लिहितेच.

माझ्या लेकाला, दादाला, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही, हे सोलापुरात बऱ्याच जणांनी कागदावर लिहून दिलं. जेवू कसं घालायचं ते कुणी दाखवलं नाही. अशा मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या आधीच्या केंद्रात रजिस्टर एकदम चकाचक, आणि पोराला आडवं ठेवून घास कोंबायचे. ठसका लागला की म्हणे, "नाटकं करतो." छातीत सारखा कफ का होतो म्हणून आम्ही दवाखाने पालथे घालत होतो! साहेब आले की सगळ्यांदेखत पोरांना सांभाळणाऱ्या मावशींना झापायचे, साहेबांची गाडी गेली की पुन्हा तेच.

तुमच्या केंद्रात तुम्ही झापलं नाहीत. नव्या मावशींना खुर्चीत बसवलंत, मान मागे टाकायला लावलीत आणि उभ्यानेच दहीभाताचा जरासा घास दिलात. त्यांना गिळता येईना. मग तुम्ही स्टूल ओढून समोर बसलात, त्यांची हनुवटी थोडी खाली घेतलीत, तेवढाच घास दिलात आणि तो गिळून होईपर्यंत चमचा वाटीतच ठेवलात. "कळलं ना आता?" एवढंच बोललात. मी दारात उभी होते.

नंतर त्याच मावशींनी दादाला विचारलं, "पुढचा देऊ का?" तो डोळे मिटून 'हो' म्हणतो. त्या दिवशी लबाडानं मुद्दाम वेळ लावला. मावशी चमचा खाली ठेवून थांबल्या. आजवर त्याच्या उत्तरासाठी घराबाहेरचं कुणी थांबलं नव्हतं, ताई.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, दादाचं कार्डही निघालं, चांगलंच झालं. पण दिवसभर त्याला उचलतात, पुसतात, भरवतात त्या मावशीच. पगार तुटपुंजा, कमरेचा काटा ढिला होईस्तोवर काम, वर बोलणी. त्यांच्याकडून माया मागायची तरी कोणत्या तोंडानं? तुम्ही आधी त्यांच्याशी नीट वागलात. असली माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आता आमच्या सासूबाईसुद्धा स्टुलावर बसून भरवतात. गड्ड्याच्या जत्रेत व्हीलचेअर ढकलण्याआधी धाकटी दादाला विचारत होती, "जायचं का पुढं?"

एक राहिलं. मावशींचा पगार लांबतो असं कानावर आलंय. तुम्ही बोलून वाईट होऊ नका. आम्ही पालक सोमवारी ऑफिसात येतोय.

दादाची आई