आक्का, बुत्ती आंबली नाही

प्रिय आक्का,
सप्रेम नमस्कार.

आवंदा एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गल्लीतनं जेवढ्या सहली निघाल्या, त्यातल्या एकाही डब्यातली दहीबुत्ती, म्हणजे आपला दहीभात, आंबली नाही, तिचा गोळा झाला नाही की तिला पाणी सुटलं नाही. तुम्ही मार्चमध्ये चार दुपारी समोर बसवून शिकवलंत, त्याचं हे फळ. दारात येऊन आभार मानलेच आहेत. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत उन्हाळ्यात डबा बांधणाऱ्या प्रत्येकीच्या हे उपयोगाचं आहे.

तुमचं पहिलंच सांगणं असं, की सहलीची बुत्ती दह्यात कालवायची नाही, दुधात विरजायची. इंद्रायणीसारखा आखूड, चिकट तांदूळ घ्यायचा. १ वाटी तांदळाला साडेतीन वाट्या पाणी. कुकर उघडल्या उघडल्या, भात वाफाळत असतानाच तो पळीनं घोटायचा. गार झाल्यावर घोटला तर शितं मोडत नाहीत, गुठळ्या तेवढ्या होतात. मग तापवून कोमट केलेलं २ वाट्या दूध घालायचं. भातात करंगळी घालून सावकाश दहापर्यंत आकडे मोजता आले, की २ चमचे ताजं गोड दही. बहुतेक घरांत चुकतं ते इथंच. घाई होते, भात कढत असतानाच दही पडतं. मग विरजण मरतं, दही फाटतं आणि डबा उघडला की वर पाणी, खाली गिच्च भात.

सकाळी सातला लावलेली बुत्ती डब्यातल्या डब्यात विरजत जाते आणि जेवायच्या वेळेला गोडसर-आंबट लागते. घरनंच वाटीभर दही कालवून नेलं तर विरजण मुळातच जास्त, त्यात उन्हाची ऊब, मग ती बाराच्या आतच आंबून जाते. भात दूध पितो, म्हणून कालवताना ती पळीवाढी, थोडी पातळच वाटली पाहिजे. मीठ पुडीत वेगळं न्यायचं, कारण मिठानं विरजण मंदावतं. मोहरी, उडदाची डाळ, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची यांची फोडणी पूर्ण गार करून वर ओतायची. काकडी आणि कांदा तिथं पोचल्यावर चिरायचा. सांडगी मिरची तळून कोरड्या डबीत, नाहीतर तिचा कुरकुरीतपणा जातो आणि मग ती नेण्यात अर्थ राहत नाही.

रात्रीच्या भाताबद्दल तुम्ही जेवढं बजावलंत तेवढं कशाबद्दलच नाही. तेही इथं स्पष्ट लिहितो. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर उबेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष सकाळी भात पुन्हा गरम करूनही जात नाही. सहलीचा भात त्याच दिवशी सकाळी शिजवायचा. लहान मुलं बरोबर असतील तर यात तडजोड नाहीच.

डबा स्टीलचा, बिनकल्हईचा पितळी अजिबात नको. वर दोन बोटं जागा सोडायची. बाहेरनं ओलं सुती कापड गुंडाळायचं आणि डबा सीटखाली, वारा लागेल असा ठेवायचा. गाडीच्या डिकीत ठेवला तर तो तापतो. आपल्या जिल्ह्याचं हवामान दोन तऱ्हेचं आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत डब्याच्या बाबतीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अथणी-गोकाककडं हवा कोरडी, तिथं ओलं कापड डबा चांगला गार ठेवतं, फक्त तासातासाला पुन्हा भिजवावं लागतं. जांबोटी-कणकुंबीकडं मे महिन्यात हवा दमट, कापडातलं पाणी उडतच नाही आणि डबा गार होत नाही. तिकडं जाताना दही दोनऐवजी एकच चमचा. खानापूरच्या मातीच्या माठाचंही हेच गणित. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवायचा, पहिली दोन पाणी टाकून द्यायची, आणि साबणानं कधीही घासायचा नाही. साबण छिद्रांत बसतो, मग माठ पाझरतही नाही आणि गारही करत नाही.

पन्ह्याचा गर नेण्याची युक्तीही तुमचीच. उकडलेल्या कैरीचा गर १ वाटी, चिरलेला गूळ दीड ते दोन वाट्या, कैरीच्या आंबटपणाप्रमाणे. गर गरम असतानाच गूळ विरघळवून गाळून घ्यायचा, गुळात कचरा असतोच. मीठ, वेलदोडा घालून बरणीत भरायचं. पाणी घरी घालायचं नाही, कारण पातळ पन्हं उन्हात फसफसतं. तिथं पेल्यात एक भाग गर, चार भाग माठातलं पाणी. बरोबर जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली, की संध्याकाळच्या भुकेचीही सोय होते.

आता ठिकाणांबद्दल. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच आहे, पण तो पावसाळ्यातच बघावा. एप्रिलमध्ये घटप्रभेला पाणी कमी आणि उघडा खडक तापलेला. पाहुण्यांचा कितीही आग्रह असला तरी आमचं मत हेच. राजहंसगड सकाळी सहाला गाठायचा आणि नऊला खाली उतरायचं, वर सावली कमी. दिवसभरासाठी हलशी उत्तम. बेळगावहून खानापूरमार्गे सुमारे ४० किलोमीटर. बाराव्या शतकातलं कदंबांच्या काळचं भूवराह नरसिंहाचं दगडी मंदिर आहे, समोरासमोर दोन गाभारे आहेत, आणि भर दुपारीही आत गारवा असतो. जेवण मात्र आवाराबाहेर झाडाखाली, आणि पत्रावळ्या परत पिशवीत. चारच्या आत परतीला लागायचं, वळीव बहुतेक दुपारनंतरच येतो.

पाहुण्यांसाठी कुंदा सकाळी निघताना घेऊ नये. दुधाचा पदार्थ, दिवसभर गाडीत तापून बिघडतो. परत आल्यावर गणपत गल्लीत घ्यावा. करदंट मात्र खुशाल बरोबर न्यावं, डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याला उन्हाचं भय नाही.

आक्का, या पत्राबरोबर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, काचेची बरणी पाठवतोय. बिया काढलेल्या सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरली आहे, १ किलो सालीला २ किलो साखर, तुम्ही सांगितलंत तसंच. चार दिवस ऊन दिलंय, अजून चार दिवस लागेल. तुमच्या गच्चीवर सकाळचं ऊन आमच्यापेक्षा जास्त वेळ राहतं. तोंडाला मलमल बांधलेली आहे ती तशीच राहू दे, आणि रोज कोरड्या लाकडी चमच्यानंच हलवा. तळाशी साखर दिसेनाशी झाली की गाळून निम्मं आम्हाला, निम्मं तुम्हाला.

तुमच्या,
गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी