दत्या, तुझ्या त्या ओळीला हात लागला

डिचोली, शनिवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दत्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तेही कामासाठी. शिव्या दे, पण वाचून झाल्यावर. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर किंचित वर, पाऊस नको म्हणेपर्यंत. झालं.

तर, आपल्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या तुझ्या कोडच्या फाइलला हात लागला. कुठली ते सांगायला नको. तीच, जिच्या डोक्यावर तू 'इथे हात लावू नये, लावल्यास कारण द्यावे' असं लिहून ठेवलंयस. सहा वर्षांत कुणी लावला नव्हता. कुणी म्हणजे मीच, दुसरं आहे कोण? तो ब्राझीलचा गृहस्थ गणेशचवथीच्या आसपास येतो, रीडमीतला, म्हणजे माहितीच्या पानातला, एखादा स्वल्पविराम सुधारतो आणि जातो. आपली आंतरराष्ट्रीय वर्दळ तेवढीच.

आता एक मुलगी आलीय. वाळपईकडची, फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सत्तरी तालुक्यातले बसथांबे नकाशावर मांडतेय, तेही पाटी नसलेले. 'फणसाकडे', 'पिंपळाकडे', 'मास्तरांच्या गेटीकडे'. कंडक्टरला सांगितलं की थांबवतो तसले. एकशे चौदा ठिकाणी उतरून मोबाइलवर आकडे टिपले, एक्सेलमध्ये भरले, फाइल आपल्या सॉफ्टवेअरला दिली आणि अख्खी सत्तरी नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात! बेअर आयलंडच्या थोडी अलीकडे. मी झूम करून पाहिलं, 'फणसाकडे' अगदी पाण्याच्या मधोमध.

तुला कळलंच असेल. तिने रकान्यांचे मथळे मराठीत लिहिले होते, 'अक्षांश' आणि 'रेखांश'. आपला तक्ता इंग्रजी मथळे तेवढे ओळखतो. मथळा कळला नाही की पहिला आकडा रेखांश धरायचा, ही तुझी ओळ. जिओजेसनमध्ये, नकाशाच्या माहितीच्या त्या फॉरमॅटमध्ये, रेखांश आधी, २०१६ च्या मानकात तसं लिहिलंय, हे तू बेतीच्या फेरीबोटीत माझ्या नाकासमोर बोट नाचवत सांगितलं होतंस. मी म्हणत होतो, शाळेत गेलेला कुठलाही माणूस अक्षांश आधी लिहितो. फेरी पणजीला लागली, माणसं उतरली, स्कूटरी उतरल्या, आणि आपण भांडत भांडत परत बेतीला. त्या दिवशी तुझं कोर्टातलं काम राहिलं ते राहिलंच.

आता तिने काय केलं ते ऐक. मराठी आणि कोंकणी मथळे तक्त्यात घातले, ते कुणीही घातले असते. पण पुढे तिने एक तपासणी लिहिलीय. भारताचे अक्षांश साधारण ८ ते ३७, रेखांश ६८ ते ९७. दोन्ही आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतच नाहीत! म्हणजे फाइल भारतातली आहे एवढं माहीत असलं, तर कुठला आकडा कुठला हे मथळ्याशिवाय कळतं. शंका आली तर प्रोग्राम विचारतो, 'हे उलटं तर नाही ना?' बस. सातवीचा भूगोल, दत्या. आपण दोघे मानकांची पानं एकमेकांवर फेकत बसलो आणि हे दोघांनाही सुचलं नाही.

आणि मी काय केलं? तिचे बदल सामील करून घ्या म्हणणाऱ्या एकतीस ओळींच्या पुल रिक्वेस्टवर एकोणीस शेरे मारले. इथे स्पेस जास्त, तिथे नाव लांब, टेस्ट कुठाय, बदल नोंदवतानाच्या संदेशात पूर्णविराम कशाला. बारीकसारीक सगळं काढलं, जसं आमचे शिंपीकाका दुसऱ्याने शिवलेला शर्ट हातात आला की आधी काज उलटून बघतात. आणि शेवटी भारताच्या हद्दीवर लिहिलं, 'हे सॉफ्टवेअर जगासाठी आहे, सत्तरीसाठी नाही.'

पाठवलं तेव्हा फार मुद्देसूद वाटलं. जेवून झोपलो.

मग अकरा दिवस काहीच नाही. पहिले चार दिवस मी मनात म्हटलं, हल्लीच्या पोरांना जरा बोललेलं चालत नाही. पाचव्या दिवशी त्या फाइलवर, कुठली ओळ कुणाची ते दाखवणारं, गिट ब्लेम चालवलं, उगाचच, आणि प्रत्येक ओळीसमोर तुझं नाव. खाली खाली जात राहिलो. एका जागी तुझं नाव संपतं आणि माझं सुरू होतं. तारीख बघितली. तू पुण्याला जायच्या तीन आठवडे आधीची. तुझे ते शेवटचे बदल मी परत केले होते, 'शैली जुळत नाही' म्हणून, आणि मग तेच काम मी माझ्या हाताने पुन्हा लिहून घातलं. लिहिलेलं वाचलं, तुझंच बरं होतं. माझ्यात एक चूकही आहे, ती आत्ता दिसली.

तू जाताना मला लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सचा, लोकांशी उद्धट वागल्याबद्दलचा, २०१८ चा माफीचा मेल पाठवला होतास, वर-खाली एक अक्षर न लिहिता. मी त्याला उत्तर पाठवलं, 'पण लिनक्स चालतंय ना?' त्या उत्तरावर आठवडाभर खूश होतो. तुला आठवत नसेल तर बरं. आठवत असणार.

अकराव्या दिवशी तिला लिहायला बसलो. पहिला मसुदा बँकेच्या पत्रासारखा झाला, 'आपल्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत'. आम्ही म्हणजे कोण, मी आणि माझं मांजर? दुसऱ्यात काकासारखा उपदेश केला. तिसऱ्यात माफी इतकी मागितली की वाचणाऱ्याला मलाच धीर द्यावा लागला असता. शेवटी दोन वाक्यं पाठवली: 'तपासणी बरोबर आहे. मला सुचली नव्हती.'

दहा मिनिटांत उत्तर. 'सर, सेमिस्टरची परीक्षा चालू होती.' एवढंच! अकरा दिवस मी झोप घालवली आणि ती गणिताचा तिसरा पेपर देत होती.

पण ऐक. रात्री तिने बदल पाठवले. एकोणीसपैकी अठरा शेऱ्यांना एकेक उत्तर, 'केलं सर', 'केलं सर'. जगाच्या शेऱ्याखाली काही नाही. तो तसाच उघडा आहे. विसरली म्हणावं तर त्याच्या वरचा आणि खालचा दोन्ही तिने मिटवलेत. मी रोज जाऊन बघतो. आता तो शेरा मीच पुसला तर लबाडी, ठेवला तर पुढचा जो कोणी येईल तो आधी तेच वाचणार. सांग काय करू. तू असतास तर 'आधी का नाही विचारलंस' म्हणाला असतास, हे धरून पुढचं सांग.

आणि तिचा एक प्रश्न आहे, तो तुझ्यासाठीच: 'सर, हात लावू नये असं कोणी लिहिलंय? त्यांना राग येईल का?'

मी म्हटलं, विचारून सांगतो.

कामाचं असं की त्या फाइलला दोघांची मंजुरी लागते. तो नियम मीच घातला होता, तुझ्यावर लक्ष ठेवायला. दुसरा माणूस म्हणून अजून तुझंच नाव आहे, मी काढलं नाही. (काढायला गेलो होतो एकदा, खोटं कशाला बोलू.) तेव्हा लॉगिन कर, तिचा कोड वाच, आणि मंजूर कर किंवा तिला तुझ्या भाषेत काय ते सांग. शेरे पाचाच्या आत.

वहिनींना नमस्कार. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? धाकटीचा दात पडल्याचा फोटो आईला दाखवला, ती दिवसभर हसत होती. चवथीला येणार असलास तर आधी सांग, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान बघायला दोघं जाऊ, तुझ्याशिवाय मला कुठलं फळ कुठलं ते कळत नाही.

तुझा,
बाबलो

ता. क. तिची फाइल नव्या कोडवर चालवली. एकशे तेरा थांबे रस्त्यावर नीट बसले. 'पिंपळाकडे' म्हादईच्या पात्रात जातो. मी अजून काही बोललो नाही.