मोटरहोम आधी वजनकाट्यावर चढवा, मग कमानपाट्यांना हात लावा

प्रति,
संपादक

महोदय,

मोटरहोमविषयी वाहनांच्या पानावर जे छापून येते, त्यात पलंग किती मोठा, ओटा कसा, फ्रिज किती लिटरचा, छतावर सोलरची किती पॅनेल, हे सगळे असते. पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) किती किलो आणि मागच्या ॲक्सलवर किती किलो, हे दोन आकडे मात्र सहसा नसतात. गाडी रस्त्यावर कशी वागेल, हे बरेचसे याच दोन आकड्यांवर ठरते. खड्ड्यात दणका थेट कण्यात जातो, वळणावर कपाटातली भांडी एका बाजूला सरकतात, शेजारून ट्रक गेला की गाडी हेलकावते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखे सावरावे लागते. अशा तक्रारी घेऊन मालक गॅरेज गाठतो आणि जाड कमानपाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), नवे शॉकअप, पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या बॅगा असा खर्च करून बसतो. वजन कोणी केलेलेच नसते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. यात नुसता पैसा गेला असता तर एवढे लिहिले नसते. ब्रेक आणि टायरवर बेतते, म्हणून हे लांबलचक पत्र.

मालवाहू व्हॅन कधी भरलेली असते, कधी रिकामी. मोटरहोम कायम भरलेलीच. फर्निचर, टाक्या, बॅटऱ्या उतरवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे तिचे कमानपाटे उभ्या गाडीतही दबलेले राहतात आणि काही वर्षांत बसतात. पाटा बसला की ॲक्सल आणि चॅसिसखालचे (गाडीच्या सांगाड्याखालचे) बंप रबर, म्हणजे धक्का झेलणारा रबरी ठोकळा, यांतले अंतर घटते. खड्डा येतो तेव्हा पाट्याला दबायला जागाच उरलेली नसते आणि ॲक्सल रबरावर आदळतो. गाडी ‘कडक’ वाटते ती यामुळे. पाटा फार जाड आहे असे समजून लोक तो मऊ करायला निघतात, तेव्हा खरे दुखणे नेमके उलटे असते. तपासायला सोपे आहे. रबराच्या खालच्या टोकाला ग्रीसचा पातळ थर लावावा, गतिरोधक असलेल्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगाने एक फेरी मारावी आणि वाकून बघावे. ग्रीस ॲक्सलच्या पट्टीला लागले असेल तर पाटा तळाला जातो आहे. एकच सावधगिरी बाळगावी. काही गाड्यांत हे रबर मुद्दाम लांब आणि मऊ दिलेले असते, भार वाढला की त्याने दुसऱ्या स्प्रिंगचे काम करावे म्हणून. तिथे ते टेकलेले दिसणे हा दोष नव्हे, पूर्ण चेपलेले दिसणे हा दोष.

आता वजनकाट्याविषयी. गाडी प्रवासाला निघते तशीच काट्यावर न्यावी: डिझेल भरलेले, पाणी भरलेले, गॅस, कपडे, खुर्च्या, सगळी माणसे आपापल्या जागी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. प्रत्येक वेळी गाडी सपाट उभी हवी आणि नोंद घेताना ब्रेक सुटा हवा. पुढचा आणि मागचा आकडा मिळवून एकूण वजनाशी ताडून पाहावा. मोठ्या काट्याची मोजणीची पायरी बहुधा १० किंवा २० किलोची असते, तेवढा फरक चालतो. त्याहून जास्त पडला तर काट्याचा फलाट आणि बाजूचा रस्ता एका पातळीत नाहीत असे समजावे आणि वजन दुसरीकडे करावे. जमेल तिथे डाव्या आणि उजव्या चाकांचेही वेगळे वजन घ्यावे.

एक हिशेब मांडतो. समजा, गाडीची एकूण मर्यादा ३५०० किलो, पुढच्या ॲक्सलची १८५० आणि मागच्याची २०००. काट्यावर आकडे आले पुढे १४२०, मागे २०८०. बेरीज बरोबर ३५००. मालक खूश, कारण एकूण वजन मर्यादेत आहे. पण मागचा ॲक्सल ८० किलोने जास्त भरला आहे आणि पुढच्यात ४३० किलोची जागा रिकामी पडली आहे. दोन्ही ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज ३८५० येते, म्हणून ३५० किलो अजून भरता येतील असे समजणारेही भेटतात. तसे नसते. ती सवलत भार थोडा मागेपुढे झाला तर धकून जावे एवढ्यासाठी असते. एकूण मर्यादा ३५०० ती ३५००च.

हा भार मागे कसा गेला? मागच्या चाकांच्या पाठीमागे लोंबणाऱ्या भागामुळे. तिथे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते. दोन ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि १०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे बसवली आहे असे धरा. पाणी १०० किलो, पण मागच्या ॲक्सलवर भार वाढतो १५० किलो आणि पुढच्या ॲक्सलवरचा ५० किलोने उतरतो. पुढचा भाग अक्षरशः उचलला जातो. ती टाकी रिकामी केली तर वरचे आकडे पुढे १४७० आणि मागे १९३० होतील. तेच १०० लिटर पाणी दोन्ही ॲक्सलच्या मधोमध ठेवले तर पुढे १५२०, मागे १९८०. वजन तेच ३५००, पाणीही तेवढेच, आणि गाडी मर्यादेत. एकही नवा पाटा न घालता.

पुढचा भाग हलका झाल्याचे परिणाम मालकाला कळतात, कारण मात्र कळत नाही. स्टेअरिंग सैल लागते, वाऱ्याच्या झोतात गाडी भरकटते, वळणावर पुढची चाके बाहेर ओढतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ओल्या चढावर चाके जागीच फिरतात. मागच्या शिडीला अडकवलेली स्कूटर, तिच्या शेजारी स्टेपनी, डिकीत साखळ्या आणि अवजारे, हे सगळे तरफेच्या टोकाला असते. जड वस्तू खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, हलक्या वस्तू वर आणि मागे, इतके पाळले तरी निम्मे काम होते. छतावरचा एसी सहज ३० ते ४० किलोचा असतो. एवढ्या उंचीवरचे वजन गाडीला डोलवते, म्हणून वरच्या कपाटांत निदान डबे-बाटल्या तरी भरू नयेत. १०० अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी साधारण २५ ते ३० किलोची असते, त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट त्याच्या निम्म्यावर येते. आणि ४० किलोची वस्तू डाव्या चाकांच्या रेषेतून उजव्या रेषेत हलवली, तर दोन बाजूंतला फरक ४० नव्हे, ८० किलोने बदलतो.

पाण्याची आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. प्रवासात पाणी संपत नाही, ते सांडपाण्याच्या टाकीत जाते. चांगल्या पाण्याची टाकी मधोमध आणि सांडपाण्याची शेपटाला असेल तर अंघोळी उरकेपर्यंत १०० किलो भार गुपचूप मागे सरकलेला असतो. निघण्याआधी ती टाकी रिकामी करायला हवी. अर्धी भरलेली मोठी टाकी तर सर्वांत वाईट, आत आडव्या जाळ्या नसतील तर ब्रेक लावताच पाण्याचा लोंढा पुढे धडकतो.

टायरची हवा वजन कळल्याशिवाय ठरवताच येत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला दाब त्या टायरच्या पूर्ण भारक्षमतेसाठी असतो. ११६ या भारांकाचा टायर १२५० किलो पेलतो, १२१ चा १४५०. चाकावर खरा भार ९९० किलो असताना पूर्ण दाब भरला तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक बारीक खड्डा आत ऐकू येतो. टायर कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता असतो, त्यातून दाब काढावा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखाच, आणि जड बाजूच्या वजनाप्रमाणे. अंदाजाने हवा कमी करणे मात्र फार धोक्याचे. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटते. दाब थंड टायरवर मोजावा, चालून वाढलेली हवा काढू नये. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो वर्षभर तपासला जात नाही. तो बसला की बाहेरचा टायर दोघांचा भार वाहतो आणि आधी फुटतो तो बाहेरचा, म्हणून दोष त्यालाच दिला जातो. व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्यावी. टायरचे वयही बघावे. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मोटरहोम उभी जास्त राहते, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर भेगाळलेले, असे टायर तिच्यावर नेहमी दिसतात.

इथवर सगळे जागेवर आणूनही त्रास उरला, तरच सस्पेन्शनकडे वळावे. शॉकअप वजन उचलत नाही, पाट्याची उसळी थोपवतो. म्हणून मागून बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येत नाही. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबली तर शॉकअप ठीक आहेत. दोन-तीनदा झुलत राहिली, टायर गोलाईत ठिकठिकाणी वाटीसारखा झिजला किंवा दांड्यावर तेल ओघळले, तर ते गेले. वळणावर कलणे हा वेगळा विषय आहे. तिथे स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही बाजूंची चाके जोडून कलणे रोखणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी बैठका, आणि लिंक, म्हणजे जोडदांड्या, आधी बघाव्यात. घट्ट वाटणारा लिंक हाताने हलत नाही, पहार लावली की खटखटतो. फार जाड बार घातला तर एका चाकाखालच्या खड्ड्याचा झटका दुसऱ्या बाजूलाही जातो आणि बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे फेकली जातात, हे बसवण्याआधी लक्षात घ्यावे.

हवेच्या बॅगा चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. गाडी वर आली म्हणजे क्षमता वाढली असे नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे तेच आहे. दोन्ही बॅगांना एकच नळी जोडली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा मोकळ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. नळ्या वेगळ्याच हव्यात. हवा गाडी समपातळीत येईपर्यंतच भरावी, बॅगेच्या कमाल दाबापर्यंत नव्हे, आणि कंपनीने सांगितलेल्या किमान दाबाखालीही जाऊ देऊ नये. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती बघावी, सायलेन्सरपासून अंतर राखावे.

बॅग बसवल्यावर किंवा पाटा वाढवल्यावर तीन गोष्टी तपासायच्या राहून जातात, आणि त्यातली पहिली जिवावर बेतणारी आहे. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि चॅसिस यांतले अंतर एका दांडीने मोजून तो भाराचा अंदाज घेतो. गाडी वर उचलली की अंतर वाढते, व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. दांडी पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. दुसरी गोष्ट अशी, की मागचा भाग वर आला की पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईनासे होते. अलाइनमेंट नव्या उंचीवर करावे. तिसरी म्हणजे हेडलाइट, ते खाली झुकतात.

पाट्याच्या कामात बुश लवकर फाटण्याचे कारणही सांगतो. गाडी जॅकवर, ॲक्सल लोंबता, आणि त्याच अवस्थेत शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली आली की आवळलेले रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, नेहमीचा भार असावा, मग आवळावेत. पाटा ॲक्सलला घट्ट धरणारे यू-बोल्ट पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. ते सैल राहिले की पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागचा सरकतो. चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. मोटरहोमची ओळख करून देताना दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा, प्रत्यक्ष वजने आणि सामानासाठी उरलेले किलो एवढे एका ओळीत छापावे. चॅसिसवर घर बांधून देणाऱ्यांनीही गाडी सोपवताना काट्याची चिठ्ठी हातात द्यावी, पुढची आणि मागची वेगळी. आणि त्या चिठ्ठीवर पाण्याची टाकी भरलेली होती की रिकामी, हे लिहिलेले असावे.

आपला,
एक वाचक