कमानीचे लाइटबिल कोणाच्या घरपट्टीतून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या वाढीव घरपट्टीची बातमी आपल्या अंकात वाचली, म्हणून लिहितो. मी नगरपरिषदेतून निवृत्त झालेला वसुली लिपिक. १९८८ साली जकात नाक्यावर चिकटलो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, आणि आमची रवानगी घरपट्टीच्या रजिस्टरांकडे झाली. ज्या पट्टीवर माझे घर चालले ती वाढवूच नका, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? जकातीच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान येते, ते पगारातच जिरते. उरलेला हक्काचा पैसा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने अनुदान देताना अट घातली, की घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि राज्याचे सकल उत्पन्न वाढेल त्या चालीने वसुलीही वाढवा. तेव्हा चतुर्थ वार्षिक आकारणीत आकडा थोडाफार वर सरकणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पण माझे बिल १,८४० वरून थेट ४,३१० झाले. यादी काढून पाहिली तर परसातले न्हाणीघर आणि लाकडे ठेवायचे पत्र्याचे छप्पर, दोन्ही ‘आरसीसी, निवासी’. सर्वेक्षण खासगी एजन्सीचे. ड्रोनने वरून पाहिले म्हणे. दार लोटून आत कोणी आले नाही. आम्ही टेप घेऊन घरोघर जायचो तेव्हा एखादी आजी मध्ये उभी राहायची, “ओसरी कसली मोजतोस रे मेल्या, तिथं निजतंय कोण?” तिचे ऐकावे लागायचे, आणि बऱ्याचदा तिचेच खरे असायचे. हरकत घेतली. सुनावणीला टेबलापलीकडे माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. “काका, तुम्हाला तर सगळं माहीत आहे,” एवढेच बोलला आणि मान खाली घातली. न्हाणीघर सुटले, छप्पर अडकले.

खरा मुद्दा वेगळाच आहे. गावच्या वेशीवर मोठी कमान झाली. उद्घाटनाच्या भाषणात सांगितले, की शासनाचा विशेष निधी आहे, गावाच्या खिशातून पैसा गेलेला नाही. बांधायला नसेल गेला. पण तिच्यावर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचे बिल शासन भरत नाही. ते जाते नगरपरिषदेच्या सामान्य फंडातून, म्हणजे तुमच्या-माझ्या घरपट्टीतून. तळ्याकाठच्या सेल्फी पॉइंटचेही तेच. ‘आय लव्ह’च्या पुढची आमच्या गावाच्या नावातली दोन अक्षरे विझली आहेत, ठेकेदाराची देखभालीची मुदत संपली, आता दुरुस्ती आपल्या पैशातून. बांधायला निधी मिळतो, फीत कापायला पाहुणे मिळतात; बल्ब बदलायला अनुदान देणारी योजना निदान माझ्या नोकरीत तरी मी पाहिली नाही. आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा गणपतीपासून बंद आहे. तीनदा अर्ज दिला. उत्तर एकच, फिटिंग शिल्लक नाही.

अशी दर वर्षी दोन-तीन कामे अंगावर घेतली की चार वर्षांनी त्यांचा सगळा बोजा आकारणीत उतरणारच. मग पट्टी वाढली म्हणून ओरडायचे कशावर? पट्टीवर, की कमानीवर?

वसुलीचेही थोडे सांगतो. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. पतसंस्थासुद्धा एवढे घेत नसेल. मार्चएंडला बँड घेऊन आम्ही थकबाकीदारांच्या दारात उभे राहायचो. गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या एका बाईंनी दहा-दहाच्या नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या होत्या, बँडवाल्यांच्या देखत. मंगल कार्यालयाच्या दारात मात्र तो बँड फक्त लग्नातच वाजला. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता; २०२४ मध्ये नवा दूरसंचार कायदा लागू होईपर्यंत तरी तो आधार होता. गावात टॉवर किती, आणि त्या काळात त्यातल्या कितींची पट्टी आली, हे एकदा नोटीस बोर्डावर लावा. लाकडांवरच्या माझ्या छपरापेक्षा ते ड्रोनला नक्कीच नीट दिसले असतील.

प्रशासकाच्या काळात विचारायचे कोणाला, हा प्रश्न होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता सभागृह आहे. नवे काम मंजुरीला येईल तेव्हा अंदाजपत्रकाखाली एक ओळ जादा लिहा: हे काम सांभाळायला दर वर्षी किती लागतील आणि ते कोणत्या शीर्षातून देणार. ही ओळ भरता येत नसेल, तर शासनाचा निधी आला तरी ते काम घेऊ नका. आणि आकारणीत ज्यांनी हरकती घेतल्या, त्यांच्या घरी माणूस पाठवून टेपने मोजमाप करा. पोरांना टेप धरता येत नसेल तर मी येतो, मानधन नको.

माझे बिल मी छपरासकट भरले आहे. पावतीच्या मागे ‘हरकत राखून’ असे लिहून आलो. कॅशियर म्हणाला, असे लिहायची पद्धत नाही. मी म्हटले, पद्धत मलाच विचारतोस?

आपला,
एक निवृत्त वसुली लिपिक