शाळा सुटल्यावर वर्गाची किल्ली कोणाकडे?

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, फोर्ट, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मोठ्या माणसांना काही शिकवायचं म्हटलं, तर या शहरात शिकवणारे कमी पडत नाहीत. निवृत्त परिचारिका, बँकेतून बाहेर पडलेले कारकून, इलेक्ट्रिशियन, कॉलेजातली मुलं रविवारचे दोन तास आनंदाने देतात. पैसाही फार लागत नाही. अडतं ते जागेपाशी. पंचवीस माणसं बसतील अशी खोली, चालणारा पंखा, उघडं स्वच्छतागृह आणि ठरल्या वेळी कुलूप काढणारा माणूस एवढंच हवं असतं. पालिकेच्या शाळा वस्तीवस्तीत आहेत. त्यांच्या खोल्या शाळा सुटल्यावर आणि रविवारी मोठ्यांच्या मोफत वर्गांसाठी मिळाव्यात, म्हणून हे पत्र आपल्याला.

यासाठी नवं धोरण आखायची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या प्रौढ शिक्षणावरील एकविसाव्या प्रकरणात शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी शाळांच्या इमारती यासाठी वापराव्यात, असं म्हटलेलं आहे. केंद्राचा ‘उल्लास’ हा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे. त्यात अक्षरओळखीबरोबर पैशाचे व्यवहार, मोबाइलचा वापर आणि आरोग्य हेही येतं, आणि तो स्वयंसेवकांच्या जोरावरच चालायचा आहे. मुंबईला तर हे मुळीच नवं नाही. कामगार नेते ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा नि वाचनालयं चालवली.

आपल्याकडून हवा आहे एक पानी आदेश. वर्ग वापरायला दिला तर किल्ली कोण देणार, शिपायाचा जादा वेळ कोण भरणार, नळ किंवा बाक मोडला तर कोण जबाबदार, याचं लेखी उत्तर नसेल तर कोणताही मुख्याध्यापक ‘नाही’च म्हणेल, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून त्या आदेशात चार गोष्टी असाव्यात. परवानगी वॉर्ड कार्यालयातूनच मिळावी, सात दिवसांत. एकदा मिळाली की तीन महिने चालावी, दर रविवारी नवा अर्ज नको. अनामत रक्कम नको. त्याऐवजी खोली ताब्यात घेताना आणि परत देताना शिपायाच्या आणि आयोजकाच्या सहीची नोंदवही ठेवावी. शिपायाचं मानधन किती आणि ते कुणी द्यायचं, हे आकड्यात लिहिलेलं असावं.

खोली देताना पहिली-दुसरीचा वर्ग मात्र देऊ नका. त्या बाकांत मोठ्यांचे गुडघे मावत नाहीत, बायका अर्ध्या तासात उठतात आणि मग आपण म्हणतो की लोकांना गोडी नाही. सातवी-आठवीचा वर्ग द्या, तोही तळमजल्यावर. साठीच्या माणसाला तीन जिने चढवून रक्तदाबावर व्याख्यान ऐकवण्यात काय अर्थ आहे?

वेळ मुख्यालयातून ठरवू नये, ही आमची कळकळीची विनंती. मुंबईत पाणी एका वस्तीत पहाटे चारला येतं, दुसरीकडे संध्याकाळी. पाण्याच्या वेळेवर ठेवलेल्या वर्गाला बाई येणार नाही. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, पण तेव्हा दुपारची शाळा भरलेली असते, म्हणून त्यांच्यासाठी बालवाडीची किंवा समाजमंदिराची खोली लागेल. लोकलने परतणारा माणूस साडेआठच्या आधी वर्गात पोचत नाही. बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मेगाब्लॉक सुरू होतो. शिकवणारा डोंबिवलीहून येणार असेल तर वर्ग नऊला सुरू करून साडेदहाला संपवावा.

वर्ग दीड तासाचा, आणि प्रत्येक वर्ग स्वतंत्र. ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ या वाक्याने सुरू होणारा वर्ग गळतो, कारण मागच्या वेळी अर्धे जण पाळीवर किंवा गावाला असतात. म्हणून दहा भागांची मालिका नको. ‘गॅसच्या नळीवरची तारीख कशी वाचायची आणि गळती साबणाच्या पाण्याने कशी तपासायची’ हा एक वर्ग. ‘मोबाइलवर फसवणुकीत पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन का करायचा’ हा दुसरा.

मोबाइलच्या वर्गात पाच जणांमागे एक मदतनीस लागतोच. फळ्यावर स्क्रीनचं चित्र काढून भागत नाही, कारण प्रत्येकाचा फोन वेगळा, भाषा वेगळी. पहिली वीस मिनिटं अक्षरं मोठी करण्यात आणि भरलेली मेमरी रिकामी करण्यात जातात, ती वेळापत्रकात धरूनच ठेवावीत. सरावासाठी शेजाऱ्याला यूपीआयने एक रुपया पाठवायचा आणि त्याने तो परत पाठवायचा. पिन टाकताना मदतनिसाने पाठ फिरवायची. तिथेच सगळ्यांना पटतं की पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणुकीचा एक नेहमीचा प्रकार नेमका याच गोंधळावर चालतो.

टेबलावर दीड, दोन आणि अडीच नंबरचे वाचायचे चष्मे ठेवावेत. फुटपाथवर मिळतात तेच. चाळिशीपुढच्या अनेकांना बारीक अक्षर दिसत नाही आणि ते सांगायला संकोच वाटतो. चष्मा लावूनही जो कागद उलटसुलट करत राहतो, त्याला बहुधा वाचताच येत नाही. ‘चष्मा घरी विसरले’ हे उत्तर ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा नाही. म्हणून कुणालाही मोठ्याने वाचायला सांगू नये, आणि प्रत्येक कागदावर मोठ्या ठशाइतकंच चित्रही असावं.

प्रथमोपचाराच्या वर्गात हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचा सराव पुतळ्यावर करतात, आणि घोटाळा होतो तो या पुतळ्यांच्या संख्येचा. छाती दाबण्याची गती मिनिटाला 100 ते 120, दाबाची खोली 5 ते 6 सेंटीमीटर. हे हाताला कळतं, कानाला नाही. चोवीस जणांना दोन-दोन मिनिटं द्यायची आणि पुतळा एकच, तर 48 मिनिटं जातात आणि तेवीस जण उभे राहून गप्पा मारतात. चार पुतळे असले की बारा मिनिटांत सगळ्यांचा हात फिरतो. दर मंडळाने चार पुतळे घेणं परवडणार नाही. वॉर्डाने एक पेटी ठेवावी: चार पुतळे, दोन एक्स्टेंशन बोर्ड, चष्मे आणि दुरुस्तीच्या वर्गात खोलून दाखवायला एक जुना मिक्सर. ती रविवारपुरती सहीवर मिळावी.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. पंचवीस जणांना प्रत्येकी चार पानं, दोन रुपये पानाने 200. तीस कटिंग 300. शिपायाला 400. नऊशे रुपयांत एक वर्ग होतो. प्रवेश फुकट असावा, पण जिथे सामान घरी न्यायचं असतं, जसं शिवणाचं कापड किंवा वायर नि प्लग, तिथे सामानापुरते पैसे घ्यावेत. वर्गाला सरसकट वीस रुपये लावले तर ज्यांच्यासाठी वर्ग आहे तेच पहिल्यांदा गळतात.

फुकट वर्गात एक धोका ठरलेला आहे. ‘आर्थिक साक्षरता’ म्हणून विम्याचा एजंट येतो, ‘आरोग्य तपासणी’ म्हणून पावडरचे डबे विकणारा. म्हणून अटींत स्पष्ट लिहा: वर्गात आणि शाळेच्या आवारात विक्री नाही, हजेरीच्या कागदावर फक्त नाव, मोबाइल नंबर नाही. पुढच्या वर्गाची वेळ फाटकावर खडूने लिहिली तरी पुरते.

आणि उद्घाटन नको. दीड तासातली चाळीस मिनिटं शाल-श्रीफळात जातात, मागच्या बाकावरच्या बायका स्वयंपाकाला निघून जातात आणि फ्लेक्सचा खर्च दोन वर्गांच्या खर्चाहून जास्त होतो.

वर्ग सुरू करायला नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, मे महिन्यात वस्ती कोकणात नि देशावर गेलेली असते, निवडणूक लागली की शाळा मतदान केंद्र होते. आदेश दिवाळीआधी निघाला तर पहिला हंगाम हाती लागेल. सगळ्या वॉर्डांत एकदम नको; पाण्याच्या आणि कामाच्या वेळा एकमेकांहून वेगळ्या असलेले तीन वॉर्ड निवडा. कुलूप वेळेवर उघडलं का, एवढी एकच नोंद दर रविवारी ठेवा आणि फेब्रुवारीत ती वही स्वतः पाहा.

आपले,
मोठ्यांसाठी मोफत वर्ग घेणारे मुंबईतील काही कार्यकर्ते