बाळाला भेटायला गर्दी नको, आणि ते इंजेक्शन विचार

मित्रा,

बाळ एकदाचं एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) घरी आलं, वाचून इतकं बरं वाटलं ना! पण तू लिहिलंस की आता टेन्शन संपलं, तिथे मी अडलो, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आरएसव्ही नावाचा व्हायरस आहे. आपल्याला झाला तर नुसती सर्दी, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक पोराला तो एकदा तरी होतोच. पण तुझं पिल्लू २८व्या आठवड्यात आलंय रे. आईच्या अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, बाळाला मिळतात त्या बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच दिवस याला मिळाले नाहीत. त्यात फुप्फुसातल्या नळ्या एवढ्या बारीक की जरा सूज आली, कफ साठला की हवा जायलाच जागा नाही. हार्टचा मोठा प्रॉब्लेम असलेल्या बाळांनाही हा फार जड जातो.

तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना अँटिबॉडीच्या इंजेक्शनचं स्पष्ट विचार. ही नेहमीची लस नाही, तयार अँटिबॉडीच टोचतात, त्यामुळे बाळाच्या शरीराला त्या बनवायची वाट बघावी लागत नाही. १९९८ साली पॅलिविझुमॅब आलं, ते या व्हायरसच्या सीझनभर दर महिन्याला द्यावं लागायचं. आता निर्सेव्हिमॅब आहे, एकाच डोसमध्ये निदान ५ महिने संरक्षण, वजन ५ किलोच्या आत असेल तर ५० मिलिग्रॅम. सीझन सुरू व्हायच्या आधी मिळालं तर उत्तम, म्हणून म्हणतो ढकलत बसू नकोस.

आणि इंजेक्शन दिलं तरी सर्दीवाल्याला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. वाईटपणा तू घे, वहिनीवर टाकू नकोस, ती आधीच थकलीये. उचलण्याआधी साबणाने हात, पापे नकोत, घरात सिगारेट अजिबात नाही. ताई शाळेतून आली की आधी हातपाय धुऊन कपडे बदलू दे, बहुतेक वेळा मोठ्या भावंडांकडूनच येतं हे.

एक मात्र नीट बघून ठेव. अंगावरचं झबलं वर करून छाती बघायची, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, दूध ओढताना दमून सोडून देतंय का. एवढ्या लहान बाळांना कधीकधी खोकला नसतोच, थेट श्वासच मध्ये थांबतो. असं काही दिसलं किंवा ओठ निळसर वाटले तर मला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. मला जरा शिंका येतायत, त्या पूर्ण थांबल्या की मगच येतो बघायला.

तुझाच